वाकडा लाल पट्टा

रविवार, संध्याकाळ. आगरदांडा.

आईला माणगावच्या त्या प्रदर्शनाला न्यायलाच नको होतं. 'देशांतर्गत धोके आणि सुरक्षा.' काचेच्या कपाटांत जप्त केलेली हत्यारं, वायरलेस, आणि शेवटच्या कपाटात आमच्या जाळ्याचा बोया!

समुद्रात कुणाचं जाळं ते कळावं म्हणून आमच्या कोळीवाड्यात प्रत्येक घर जाळ्याला बांधलेल्या तरंगत्या बोयावर आपली खूण रंगवतं. आमचे दोन लाल पट्टे. दुसरा वाकडा, रंगवताना आईचा हात हलला होता.

"आपलाच गो! ह्यो बघ माझा वाकडा पट्टा," आई काचेला नाक लावून म्हणाली. "खाली काय लिवलंय?"

खाली लिहिलं होतं : तस्करांची सांकेतिक खूण.

काही वर्षांपूर्वी तस्करीच्या संशयावरून बाबांना चौकशीला नेलं, जाळंही नेलं. काहीच सापडलं नाही म्हणून सोडलं. पण बाबा पुन्हा होडीत चढले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडायचे, तसेच गेले. हे लिहायला त्या पाटीवर जागा नव्हती?

मी म्हटलं, "बाबांचं नाव लिहिलंय. चांगले मच्छीमार होते, असं."

आईने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. परतताना एसटीत सारखं तेच. "सरकारनं जपून ठेवलंय गो. पट्टा तेवढा सरळ काढायला होवा होता मी."

आत्ता ओट्यावर शेजारणी जमवल्यात तिने. पुढच्या रविवारी सगळ्या जाणार.

"आपली वनिता येतेय ना," आई माझ्याकडे बोट दाखवत त्यांना सांगतेय, "ती शिकलेली हाय. ती वाचून दाखवील सगळ्यांना."