खरं वाटायला चार गैरहजर

मुरबाड,
मंगळवार, दि. ३ जून २०२५

प्रिय रेश्मा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. घरी सगळे बरे असतील. जगनकाकांचा गुडघा कसा आहे? तू एमआयडीसीत बाटल्यांना लेबलं लावायला जातेस, असं सारिकाकडून कळलं. वैशाखऱ्याहून तीच सकाळची एसटी धरतेस, फक्त कॉलेजच्या स्टॉपवर उतरत नाहीस, हेही तिनेच सांगितलं.

माझी बातमी तुला माहीत असेलच, कारण ती नाक्यावर टांगली आहे. बारावी सायन्सला चौऱ्याऐंशी टक्के, आणि ज्या मुंबईच्या कॉलेजचं नाव आपण दोघी वहीच्या मागच्या पानावर लिहायचो, तिथे बीएस्सीला पहिल्याच यादीत नंबर. फ्लेक्सवर माझं तोंड पातेल्याएवढं छापलंय. जाता-येता ते बघून शिसारी येते. आई म्हणते, दृष्ट लागेल, मान खाली घालून चालत जा. मी तशीच जाते.

ते कल्याण-ठाण्याचे एकतीस जण तुला आठवत असतील. आठवतील कसे म्हणा, वर्षभर त्यांची नुसती नावंच होती. शिकायला तिकडच्या क्लासला, प्रवेश मात्र आपल्याकडे, कारण आपलं कॉलेज हजेरी विचारत नाही. त्यांना नाही विचारत. प्रॅक्टिकलच्या दिवशी ते गाड्यांतून उतरले, नाकाला रुमाल लावून, आणि मला विचारलं, "लॅब किधर है?" त्यातल्या सहा जणांची जर्नलं मी लिहिली होती. ती त्यांनी माझ्याच हातून घेतली आणि उघडूनही पाहिली नाहीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांना आपल्या शेखर सरांनी मटणाचं जेवण दिलं. हात धुवायला पाणी मी ओतलं. बोटांवरून तेलकट रस्सा ओघळत होता, आणि त्याच बोटांनी त्यांनी सगळ्यांना तीसपैकी तीस टाकले. मलाही. मला तेव्हा किळस आली नाही, आनंद झाला, हे आता आठवलं की तोंड कडू होतं.

तू तिथे नव्हतीस. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरत नाही म्हणून तुझं हॉलतिकीट अडवलं होतं. तुझ्यासारखे आणखी तिघं होते. त्यांचे पालक कुणाला ना कुणाला सोबत घेऊन आले आणि त्यांची हजेरी तासाभरात पूर्ण झाली. जगनकाका एकटेच आले.

मी तेव्हा ऑफिसातच होते, कपाटाजवळ. काका म्हणाले, "माजी पोर रोज येते, सर. मी सोता तिला गाडीत बसवतो." सरांनी हजेरीपट उघडून पुढे ढकलला. काकांना वाचता येत नाही, पण लाल खुणा दिसतात. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग ती जाते कुठं?"

त्यानंतर तुझ्याबद्दल गावात काय काय बोललं गेलं ते मला माहीत आहे. काका तुझ्याशी दोन महिने बोलले नाहीत, हेही माहीत आहे. मी कपाटाजवळ उभी होते आणि गप्प बसले.

तो हजेरीपट माझ्या अक्षरात आहे.

डिसेंबरात तपासणी येणार होती. जुन्या पटात त्या एकतीस जणांसमोर काहीच नव्हतं, म्हणून सरांनी मला नवा लिहायला बसवलं. माझं अक्षर चांगलं ना. मी सगळ्यांना हजर केलं. सर बघून म्हणाले, "सगळेच हजर दाखवलेस तर खोटं वाटेल. खरं वाटायला चार गैरहजर दाखव. गाडीवाल्यांतले नको."

आजवर मी स्वतःला सांगत आले की तुझं नाव सरांनी सांगितलं. नाही सांगितलं. ते चहाला गेले. नावं मी निवडली.

घटक चाचणीत तू माझ्यापुढे नऊ गुणांनी होतीस. माझ्या डोक्यात तेव्हा कटऑफशिवाय काही नसायचं. आंघोळ करतानाही टक्के मोजायचे. आपली कॅटेगरी एक, जागा मोजक्या, त्यातली एक तू घेणार असं वाटायचं. एक महिना लाल केला असता तरी सरांचं भागलं असतं. मी पाच महिने केले. लिहिताना बरं वाटत होतं. त्यातले बरेच दिवस तू माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यातलं खाल्लं होतंस.

काल फी भरून आले, आणि मग हे लिहायला बसले. हा क्रम तुझ्या लक्षात येईलच, म्हणून मीच सांगते.

बोर्डाला अर्ज लिहिलाय. पट कुणी लिहिला, जर्नलं कुणाची, सगळं, माझ्या सहीने. आधी ठरवलं होतं की तो तुझ्याकडे पाठवावा, पुढे धाडायचा की नाही ते तू बघ. मग कळलं, मी परत तुझंच नाव पुढे करतेय. म्हणून आज दुपारी मीच रजिस्टर पोस्टाने टाकला. प्रवेश गेला तर मी रडेन, आणि तुझ्यावर चिडेनसुद्धा. एवढी मी घाण आहे. तुझं वर्ष त्याने परत येणार नाही, हेही कळतं.

हे पत्र काकांना वाचून दाखवू नकोस. तूच लिहिलंस म्हणतील. रविवारी मी स्वतः वैशाखऱ्याला येते आणि त्यांना तोंडाने सांगते की त्यांची पोर रोज कॉलेजातच येत होती. मला बघायचं नसेल तर तू तेवढा वेळ शेजारी जाऊन बस. माफी मागायला येत नाही.

तुला गैरहजर लिहिणारी,
अक्षदा