कन्येच्या हजेरीचं खातं माझ्याकडे

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पालकसभा. संपल्यावर वर्गशिक्षिका बाईंनी मला एकट्यालाच मागे थांबवलं. कन्या सातवीत, आणि यंदा एकतीस दिवस गैरहजर. आणखी पाच दिवस बुडाले तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत, म्हणजे वर्ष गेलं. कारण विचारलं. मी सांगितलं, पोट दुखतं. बाई म्हणाल्या, रविवारी दुखतं का? स्वभाव जरा खोचक आहे. घरच्यांनी साथ दिली तरच हे सुटेल, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, निश्चिंत राहा, छापखान्यात अठरा वर्षं सात म्हणजे सातला मशीन सुरू केलंय, एका पोरीचं काय घेऊन बसलात. (छापखाना मे महिन्यात बंद पडला. ते सांगायची गरज वाटली नाही.)

ही हॉस्पिटलात नर्स, पहाटे साडेपाचला घर सोडते. तिला जाहीर केलं, हजेरीचं खातं यापुढे माझ्याकडे. 'बरं' म्हणाली. सुरात विश्वास कमी वाटला.

४ नोव्हेंबर
६.००. तक्ता भिंतीवर लावला. उठणे, दात, आंघोळ, दप्तर, ६.५० ला घराबाहेर. तीन रंगांची स्केचपेनं वापरली.
६.४५. कन्या तयार, दप्तर पाठीला. मी सोफ्यावर पांघरुणातून देखरेख करत होतो. तिने विचारलं, बाबा, तुम्ही आज काय करणार? म्हटलं, बघू. तिने बूट काढले. पोट.
दुपारी पत्ते खेळलो. तोवर पोट ठणठणीत. शिल्लक चार.

५ नोव्हेंबर
गेली. शिस्तीचा विजय.
घड्याळ बंद पडलंय असं दोनदा वाटलं. चालू होतं. जरा आडवा झालो. डोळे उघडले तर कन्या समोर उभी, दुपारचे अडीच. नाश्ता टेबलावर तसाच. तिने दप्तर ठेवलं आणि तो गरम करून आणला. मुलींना समज लवकर येते.

६ नोव्हेंबर
पोट. खडसावायचं पक्कं ठरवलं होतं, पण दुखऱ्या पोटावर ओरडून काय होणार. तिने मला इतिहासाचा धडा वाचून दाखवला. मध्येमध्ये प्रश्नही विचारत होती, त्यामुळे मी जागा राहिलो. हुशार आहे पोरगी. शाळेत गेली तर पहिलीच येईल. शिल्लक तीन.

१० नोव्हेंबर, सोमवार
शुक्रवार बुडाला. त्या दिवशी माझंच डोकं जड होतं, मुलांवर अशा गोष्टींचा परिणाम होतो. आजही बुडाला. शिल्लक एक. तक्त्यात सुधारणा करणार, रंग चुकले असावेत.
दुपारी बाईंचा फोन. उद्या शाळा सुटल्यावर घरी येतात. छातीत धडधडलं. जिने चढायचे म्हणजे बाईंना त्रास, म्हणून. हिला सांगितलं नाही, उगाच टेन्शन घेते.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
कन्या आज शाळेत गेली. येताना बाईंना घेऊनच आली.
मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंची खुर्ची तक्त्यासमोर ठेवली. त्यांनी तो नीट वाचला, छान आहे म्हणाल्या, आणि चहा टाकता का विचारलं. आमचं स्वयंपाकघर पडद्याच्या पलीकडे. सगळं ऐकू येतं.
बाईंनी तिला विचारलं, खरं काय दुखतं सांग बरं. मग ती म्हणाली, मी गेले की बाबा परत झोपतात. मी येईपर्यंत उठत नाहीत, जेवत नाहीत. मी घरी असले की उठतात. आईला नका सांगू, ती आधीच दमलेली असते.
चहा उतू गेला. उरला तो दोन कपांत ओतून बाहेर नेला. बाई म्हणाल्या, चांगला झालाय. साखर घालायची राहिली होती.
मला फार लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो.

१२ नोव्हेंबर
५.१५. ही निघायच्या आत उठलो. काल काय झालं ते सगळं सांगितलं. ती चपला घालता घालता थांबली. रागावली नाही. ते जास्त लागलं.
६.४०. दाढी केली. कन्येला सांगितलं, आज मलाही काम आहे, बरोबरच निघू. कसलं काम, विचारलं. म्हटलं, बरीच आहेत. कुलूप तिनेच लावलं.
७.१५. शाळेच्या फाटकातून तिने दोनदा मागे वळून पाहिलं. मी कामावर निघालेल्या माणसासारखा ताठ चालत कोपऱ्यापर्यंत गेलो.
७.३०. कोपऱ्यावरच्या बाकावर बसलोय. कुठे जावं सुचत नाही. थोडा वेळ घरी जाऊन पडावं म्हणून खिसे चाचपले. किल्ली ती दप्तरात घालून घेऊन गेली आहे. शाळा दोनला सुटते.