मदत बंद करून

सोम. ३ ऑगस्ट
दु. एक ते चार दुकान बंद, म्हणून आज पुन्हा उड्डाण. मंगळूर–बेंगळूरू, मोठं जेट, अर्थात कॉम्प्युटरवरचं. पडद्यावरच्या नकाशात उतरायची खूण आली आणि ऑटोपायलटनं आपणहून नाक खाली घेतलं. मी हात मांडीवर ठेवून बसलेलो. बत्तीस वर्षं पँटी कापतोय, कापडानं इतकं निमूट कधी ऐकलं नाही. सिम्युलेटरच्या ग्रुपवर त्याबद्दल चार ओळी टाकल्या. लगेच सातजणांचं थँक यू कॅप्टन.
कॅप्टन म्हणा असं मी कुणाला सांगितलं नाही. म्हणू नका असंही नाही.

मंगळ. ४
निदान वहीत तरी खोटं नको. मार्चमध्ये एका वैमानिकाचे दोन पांढरे शर्ट शिवायला आले होते, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्यांचे. अप्पा, माझे वडील, सांगतात तो घरचा नियम आहे, गिऱ्हाईकाचं कापड मापाला धरायचं, अंगाला लावायचं नाही. जरीचा कोट असो की शाळेची चड्डी. तीन पिढ्यांत कुणी मोडला नव्हता. मी मोडला. बायको शारदा बाजारात, अप्पा जेवायला आत. शर्ट घातला, आरशासमोर उभा राहिलो, फोटो काढला आणि ग्रुपवर तोच लावला. शर्ट इस्त्री करून परत गेला. फोटो अजून आहे.

शुक्र. ७
मेघनाचा फोन. ग्रुपवरची, आमच्या म्हैसूरच्याच हिनकल भागातली मुलगी. छोट्या विमानाचं लायसन्स काढलंय, मंगळवारी एअरलाइनची मुलाखत. पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणे, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच, अर्धी कन्नड. जूनपासून मला विचारते आणि सगळं वहीत उतरवून घेते.
"अंकल, खूण आली की जेट सुम्मने आपोआप खाली जातं का? की आपण काही करायचं असतंय?"
काही नाही, म्हटलं. हात लावायचा नाही, ते जातं. खात्री ना, असं विचारलं तिनं. अगं, माझं रोजचंच आहे, म्हणालो.
हे म्हणताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

बुध. १२
मेघना पहिल्याच फेरीत बाहेर. रडत नव्हती, तेच जास्त लागलं. नेमका तोच प्रश्न आला आणि तिनं माझं उत्तर दिलं. समोरच्यानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग बेंगळूरूवरून तशीच पुढे जाणार का तुम्ही?
"मीच तप्पु ऐकलं असणार अंकल. तुम्ही असं कसं सांगाल? सॉरी हं."
तिनं मला सॉरी म्हटलं. मी परवागिल्ला, असू दे, म्हणालो, मोठ्या मनानं. फोन ठेवल्यावर स्वतःचीच किळस आली.

गुरु. १३
आज शोधलं. सेटिंग्जच्या तळाशी 'मदत' म्हणून एक बटण, पहिल्या दिवसापासून चालू. बंद केलं, तेच उड्डाण लावलं. खूण आली आणि गेली. विमान सरळच. उंचीच्या खिडकीत एकोणतीस हजार फूट, चढताना भरलेले. खालचा आकडा आपण भरल्याशिवाय ऑटोपायलट तिथून हलतच नाही. इतके महिने तो आकडा मदत भरत होती आणि मी उंटावरून शेळ्या हाकत होतो.
बेंगळूरू मागे पडलं, कोलारही गेलं. शारदा चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, अहो, उतरवा की आता. एवढ्या उंचावरून, एवढं पुढे गेल्यावर कसं उतरवायचं ते मला येत नव्हतं.

शनि. १५
मेघनाचा मेसेज. दुसऱ्या कंपनीनं शुक्रवारी बोलावलंय. ही शेवटची. इथे झालं नाही तर विमान सोडून काकांच्या ऑफिसात बसायचं, असं घरी कबूल केलंय तिनं. त्याआधी मला भेटायचंय म्हणते. जयलक्ष्मीपुरमला कुठे राहता, विचारलं.
जयलक्ष्मीपुरम, बंगल्यांची वस्ती, हेही मीच सांगितलेलं. अग्रहारात दुकानामागच्या दोन खोल्यांत राहतो, हे कॅप्टनला शोभलं नसतं ना.

रवि. १६
शा.ला सगळं सांगितलं, शर्टासकट. ती ब्लाऊजची बाही जोडत होती. मशीन थांबवून म्हणाली,
"पोरीला आत्ताच सांगा. मुलाखत झाल्यावर सांगितलात तर त्याला काय अर्थ उरतोय?"
अप्पा कोपऱ्यात काजं करत होते. सुई थांबली, मग पुन्हा चालली. ऐकलं असणार.

सोम. १७
तीनदा नंबर लावला, तीनदा कापला. भित्रा आहे मी, दुसरं काय.

मंगळ. १८
सांगितलं. कॅप्टन नाही, शिंपी आहे. विमानात एकदाच बसलोय, हैदराबादला जाताना, तेही मधल्या सीटवर. शर्ट गिऱ्हाईकाचा. खुणेचं मीच चुकीचं सांगितलं, तू बरोबर ऐकलंस.
वाटलं होतं शिव्या देईल. तिनं हळू आवाजात विचारलं,
"सरी, ठीक आहे. मग बाकीचं? तुम्ही सांगितलेली एकवीस पानं हाईत माझ्याकडं. त्यातलं खरं कुठलं?"
गोत्तिल्ला, म्हणालो. खरंच मला माहीत नाही. कुठलं मी केलं आणि कुठलं मदतीनं, ते मलाच कळत नव्हतं.
फोन बंद झाला.

बुध. १९
दुकान उघडलंच नाही. लग्नाच्या दोन पँटी तशाच पडून, गिऱ्हाईक दोनदा कडी वाजवून गेलं. ग्रुपवरचे माझे जुने मेसेज काढले, मदत बंद ठेवून एकेक तपासत बसलो. मागून वारा असेल तर उतरण लवकर सुरू करावी: बरोबर. ठरलेल्या वाटेनं उतरताना ऑटोपायलट वेगही सांभाळतो: चूक. तो वाट धरतो, वेग वाढत जातो, पंखांवरच्या ब्रेकच्या फळ्या आपणच उघडायच्या. मी बरोबर उलटं सांगितलं होतं, वर हसरा चेहराही लावला होता.
जसं कळेल तसं तिला पाठवतोय. वाचल्याच्या निळ्या खुणा येतात, उत्तर नाही.
मधेच अप्पा येऊन मागे उभे राहिले. यातलं काही कळतंय का तुला, विचारलं. थोडं, म्हणालो. मग थोडंच सांगायचं होतंस, म्हणाले आणि गेले.

गुरु. २०
ग्रुपवर खरं लिहिलं, शर्टातला फोटो काढून टाकला. काहींनी हसून घेतलं, एकानं फसवा म्हटलं. त्याचं बरोबर आहे.
चौदा मुद्दे तपासून झाले, पाच चूक. बाकीचे राहिले. मेघनाची मुलाखत उद्या सकाळी दहाला. संध्याकाळी तिला शेवटचं लिहिलं: हे सगळं घरच्या कॉम्प्युटरवर पाहिलेलं आहे, खऱ्या विमानाचं मला माहीत नाही, कुणा खऱ्या माणसाला विचारून घे.
आत्ता तिचं उत्तर आलं, दोन दिवसांतलं पहिलं.
"विचारायला दुसरं कोण होतं, अंकल?"
एक उत्तर लिहिलं आणि पुसलं. दुसरं लिहितोय.