पंडित, दे!

गोलवीर, भगिनीपती आणि सध्या मौनव्रती श्री. दाजी यांस,

एका बेकार मेव्हण्याचा षडंग नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण आठ अंगांपैकी दोन गुडघे हल्ली जमिनीला लागायला राजी नसतात, आणि लागलेच तर उठवायला कुणाला तरी बोलवावं लागतं. आपली प्रकृती कशी आहे? उजव्या मांडीचा तो स्नायू, जो दर हिवाळ्यात माहेरी निघून जातो, तो नांदतोय ना? आमची धाकटी, म्हणजे आपली बायको, फोनवर म्हणाली की आपण जेवता, झोपता, सरावालाही जाता, फक्त बोलत नाही. माझा फोन तर त्या मॅचपासून एकदाही उचललेला नाही. शिवाय असंही कळलं की क्लबने देऊ केलेला आणखी एका वर्षाचा करार फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकतोय आणि आपण त्यावर सही करत नाही आहात. ‘ज्याच्यामुळे मिळालं तो घरी बसलाय, मी कुठल्या तोंडाने खेळू’ असं एकदाच म्हणून आपण पुन्हा गप्प झालात म्हणे. या विषयावर मी या पत्रात चकार शब्द काढणार नाही. तुमचं तुम्ही बघा.

(हे ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ मला फार वेळ झेपणार नाही. ज्या माणसाचे ओले मोजे दोन वर्षं माझ्या उशाशी वाळत होते, त्याला आदरार्थी बहुवचन कुठवर लावायचं? वडीलधाऱ्यांना दाखवायला वरचा परिच्छेद पुरे. आता ‘तू’.)

तर गोलच्या उपाश्या, मी मजेत आहे. सकाळी सवयीने लवकर जाग येते, बूट शोधतो, मग आठवतं. खोली लहान आहे, पण सामान त्याहून लहान. इतकी वर्षं खोक्यातून काढून खोक्यात भरत आल्यामुळे मी घेतानाच वस्तू खोक्याच्या मापाची घेतो. घरमालकीणबाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, फुटबॉल खेळायचो. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, ‘अगंबाई, मग तुम्हाला टीव्हीवर पाहिलं असेल!’ मी म्हटलं, असेल, पण दिसलो नसेन. गोली गोल अडवतो, तू गोल मारतोस, आणि या दोन घटनांच्या मध्ये चेंडू कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही. तिथे मी होतो.

आमचे अण्णा शाळेत संस्कृत शिकवायचे, हे तू जाणतोसच (लग्नात त्यांनी तुला अर्धा तास संधी-समास समजावून सांगितले आणि तू ‘हो हो, संधी मिळाली की मी सोडत नाही’ म्हणालास, तेव्हाच त्यांनी आमच्या घराण्याची आशा सोडली). मला मैदानावर पाठवण्याआधी ते शब्दरूपं म्हणवून घेत. सगळ्या विभक्ती तिन्ही वचनांत पाठ झाल्याशिवाय चेंडूला हात नाही. पाय लावता येईल का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या दिवशी धातुरूपंही झाली. पुढे मी पगारी खेळाडू झालो तेव्हा त्यांनी मला समोर बसवून शांतपणे विचारलं, ‘म्हणजे तू तिथे नक्की करतोस काय?’ मी म्हटलं, चेंडू घेतो आणि देतो. ‘आणि स्वतःजवळ काय ठेवतोस?’ अण्णा गेले, माझी कारकीर्द गेली, प्रश्न तेवढा शिल्लक आहे.

क्लब इतके झाले की आता रंगांनीच आठवतात. एका क्लबने कॅलेंडरवर माझा फोटो घातला आणि छापून यायच्या आत मला दुसऱ्या क्लबाला देऊन टाकलं. मग माझ्या तोंडावर त्यांनी नव्या गोलीचं तोंड चिकटवलं. छाती माझीच राहिली. त्या वर्षी गोलीला लोक म्हणायचे, फोटोत बारीक दिसता. दुसऱ्या एका गावी मॅच संपल्यावर मी थकून बसमध्ये जाऊन झोपलो, आणि जागा झालो तो आदल्या वर्षीच्या क्लबाच्या दारात. ड्रायव्हर ओळखीचा. त्याला वाटलं, मी अजून तिथलाच. चहा पाजून म्हणाला, ‘पंडित, तुम्ही गेलात कधी?’ मी त्याला तारीख सांगू शकलो नाही रे. एकाच जागी दहा वर्षं राहिलेले खेळाडू मी पाहिले आहेत. दारावरचा रखवालदार त्यांच्या मुलांची चौकशी करतो. मला रखवालदार ओळखपत्र विचारतात. तिथेही मी म्हणायचो, पुढच्या वर्षी कुठेतरी मुरेन. लोणचं मुरतं, मी बरणी बदलत राहिलो.

मुरलो असेन तर पिवळ्या जर्सीतल्या आपल्या त्या दोन वर्षांत. तू ‘पंडित’ म्हणून हाक मारायचास, मी द्यायचो. डोकं वर करून बघायचीसुद्धा गरज पडायची नाही. धाकटी पहिल्यांदा मैदानावर आली ती माझा खेळ बघायला, हे तिलाही आता आठवत नाही. पण माणूस चेंडू जाईल तिकडे बघतो आणि चेंडू मी तुझ्याकडे धाडला होता. म्हणजे तुझं लग्नही माझ्याच पासवर झालं. (त्या पासबद्दल मला पश्चात्ताप आहे की नाही, हे तू फोन उचलतोस की नाही त्यावर ठरेल.)

आता त्या दुपारविषयी. आम्हाला, म्हणजे हिरव्या जर्सीला, नुसती बरोबरी पुरे होती. हरलो तर क्लब खालच्या विभागात. आमचा कोच माझ्याहून लहान. त्याने सकाळी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘काका, आज काही करू नका. चेंडू आला की मागे द्या.’ मी मन लावून काही न करण्यात शेवटपर्यंत यशस्वी झालो होतो. मग तो चेंडू आला. तुमचे तिघे अंगावर, आमचे सगळे चारी बाजूंनी ओरडतायत, ‘काका! काका, इकडे!’ आणि तेवढ्यात डावीकडून आवाज आला: ‘पंडित, दे!’

हिरव्या जर्सीत मला पंडित म्हणणारा एकही माणूस नव्हता. गेल्या सहा-सात क्लबांत मी आधी दादा होतो, मग काका झालो. पायाने मला विचारलं नाही. दोघांच्या मधून, नेमका तुझ्या डाव्या पायाच्या एक पाऊल पुढे, तुला आवडतो तसा थोडा मंद होत जाणारा. चेंडू सुटल्या क्षणी मनात आलं, काय सुंदर गेला! दुसऱ्या क्षणी तुझी जर्सी दिसली. पिवळी.

गोल झाल्यावर तू दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिलास, तेव्हा आमच्या अर्ध्या प्रेक्षकांना वाटलं, चेंडू बाहेर गेला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पासला मिळालेल्या त्या शेवटच्या टाळ्या.

ड्रेसिंग रूममध्ये बाटलीचं झाकण उघडायचीही चोरी. कोच भिंतीकडे बघून म्हणाला, ‘काका, आपण आज कुणाकडून खेळतोय ते सकाळी सांगायचं राहिलं का माझ्याकडून?’ गोली बिचारा चांगला मुलगा. बूट सोडता सोडता हळूच म्हणाला, ‘पण काका, पास मात्र झकास होता.’ पुढच्या आठवड्यात क्लबने कळवलं की यापुढे ते तरुणांवर भर देणार आहेत. नियम चांगलाच आहे. मी तरुण असताना कुणीतरी करायला हवा होता.

धाकटी मला रोज विचारते, दादा, त्यांनी मुद्दाम हाक मारली का रे? मी तिला सांगितलं, बाई, कपट करायला डोक्यात एका वेळी दोन विचार लागतात, आणि तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात गोल दिसला की तोच एक मावतो. त्याने हाक मारली ती भुकेने. चेंडू माझ्या पायात दिसला आणि तू पुन्हा पूर्वीचा झालास. मीही झालो. तेवढ्या एका क्षणात आपण दोघं एकाच संघात होतो, आणि खरं सांगू का, त्यानंतर मी कुठल्याच संघात नाही.

धाकटीला आशीर्वाद. तिला म्हणावं, नवऱ्याला आता बोलू दे, आणि तो बोलला की ऐकू नकोस.

तुझा (जर्सी कुठलीही असो),
पंडित

ता. क. चकार शब्द काढणार नाही असं वर म्हटलं होतं. तेव्हा हे दोन शब्द: सही कर. मी घेतलं आणि दिलं, जवळ काही ठेवलं नाही. तुझं ते एक वर्ष मात्र माझ्या शेवटच्या पासातून आलेलं आहे. ते फ्रिजवर वाळत घालायला मी दिलं नव्हतं. मोजे वेगळे.

ता. क. दुसरा. माझ्या इमारतीमागे एक मैदान आहे. रविवारी सकाळी तिथे एक दातांचे डॉक्टर, दोन बेकरीवाले, एक नळदुरुस्तीवाला वगैरे मंडळी खेळतात. मला घेतलं. कुठे खेळता, असं त्यांनी विचारलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘स्ट्रायकर.’ गेले तीन रविवार पुढे उभा आहे आणि कुणीही चेंडू देत नाही. डॉक्टर तर दिसेल त्याला चकवत घरापर्यंत नेतील. तेव्हा येत्या रविवारी तू ये. तुला मी आजवर कुणाला पास देताना पाहिलेलं नाही, पण अवघड नसतं. हाक मी मारीन. तू फक्त दे.

ता. क. तिसरा. येताना कुठल्या रंगाची जर्सी घालणार ते आधी कळव. मला फरक पडतो म्हणून नव्हे. पडत नाही हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय, म्हणून.