लाल ठिगळाचा लोगो

डिंडोली, सुरत
१९ मे २०२५

प्रिय धम्मरत्न,

सप्रेम जय भीम. तुझ्या बायकोचा, राखीचा गुडघा कसा आहे? माझा रक्तदाब उत्तम आहे. तुझ्याशी बोलणं बंद असल्यामुळे असेल.

आमच्या गोधड्यांचा लोगो ठरला. बँकेतून निवृत्त झालेल्या बहिणीने चिंध्या शिवून विकायच्या, याची हजीऱ्याच्या कंपनीत साहेब असलेल्या तुला लाज. त्यात मायचं नाव लावलं तर एकही गोधडी खपणार नाही, हे भविष्यही तुझंच. म्हणून तुझ्या चिरंजीवाने ‘रॉयल क्विल्ट्स’ करून आणलं. डोक्यावर मुकुट, हातात सुई अशी राणी, भोवती वेलबुट्टी. लॅपटॉपवर झकास. व्हॉट्सॲपच्या गोलात टाकलं तर मुकुट गेला, कपाळही गेलं. इन्स्टाच्या चौकोनात सुई दिसेना. शिक्क्यावर तर नुसता काळा डाग. आमच्याकडे शिवायला येणाऱ्या धुरपदाबाईंनी विचारलं, “ताई, हाई बाई रडी ऱ्हायनी का?”

प्रफुल्लला म्हटलं, इंग्रजी मला कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवलंय, तुझ्या बापाने नाही. पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांतून आणलेल्या तुकड्यांना रॉयल म्हणायचं कारण नाही.

मग मला रेल्वे कॉलनीतली दोरी आठवली. सगळ्या घरांच्या गोधड्या तिथेच वाळायच्या. माय आपल्या गोधडीच्या कोपऱ्यात लाल ठिगळ लावायची, वर पांढरे तीन टाके. मैदानातूनही आपली ओळखू यायची.

तेच घेतलं. गोलात नुसतं ठिगळ. चौकोनात ठिगळाखाली ‘सीता’. वेबसाइटच्या माथ्यावर लांब पट्टीत ‘सीताबाईंची गोधडी’. शिक्क्याला फक्त कड आणि टाके. समोरच्या चंचलने गल्लीपलीकडून, चष्म्याशिवाय, माझ्या फोनवरचं ठिगळ ओळखलं. प्रफुल्ल म्हणाला, “आत्या, हे जमलं.” अहमदाबादच्या एका दुकानाने होत्या तेवढ्या सगळ्या गोधड्या उचलल्या. मायच्या नावासकट.

आता एक सांगते. टाके तीन की चार, माझं मलाच खात्रीने आठवेना. मायची शेवटची गोधडी तुझ्याकडे होती, पण ती कधीच देऊन टाकली असं तू मला तोंडावर सांगितलं होतंस. तरी राखीला विचारलं. तिने दुपारी फोटो पाठवला. टाके तीनच आहेत. ठिगळही स्पष्ट दिसतं, आणि ते मुठीत धरून, एसी लावून झोपलेला हजीऱ्याचा साहेबही.

फोटो कुणाला दाखवणार नाही. गोधडीची कड मात्र उसवली आहे. रविवारी घेऊन ये, शिवून देईन. परतही देईन.

तुझ्याइतकीच सीताबाईंची,
ताई