साकवावरची शिट्टी

पवनानगर रस्ता,
१७ एप्रिल २०२५

प्रिय प्रज्ञेश,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडता बाजूला टाकशील, अशी मला जवळजवळ खात्री होती. म्हणून भुसावळचा पत्ता पोरीकडून, समीक्षाकडून लिहून घेतला. तिनंच लिहायला मागितला म्हण. आतलं मात्र सगळं माझ्या हातचं आहे. दोनदा कच्चं लिहून फाडलं. खाडाखोड असलेला कागद मी कुणाला देत नाही, हे तुला पाचवीपासून ठाऊक आहे.

जवळपास तीन वर्षांपूर्वी तुझे आबा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू मला घराच्या मागं गाठलंस आणि एकच विचारलंस, “बजा, एवढंच सांग. खेकडं कुणासाठी?” मी हातातला तांब्या घेऊन सरळ आत गेलो. त्यानंतर तू गावाला आलास, पण माझ्या दुकानावरून गेलास तो मान वळवून. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मला माहीत होतं. ते द्यायलाच आज बसलोय, पण मला मेल्याला सरळ उत्तराकडं जाता येत नाही. क्रमानं जाऊ दे.

१ मे २०२२, रविवार. शाळेच्या व्हरांड्यातली ग्रामसभा. नळ योजनेचं बिल थकलेलं, वीज तोडायची नोटीस आलेली. मी शंभर पानी वही घेऊन उभा राहिलो. तिच्यात महिनाभराची कात्रणं डकवलेली, सगळी लंकेची. तिथं तेरा-तेरा तास वीज नाही, कागद नाही म्हणून पोरांच्या परीक्षा पुढं गेलेल्या, पेट्रोलला मैलभर रांगा. देश कर्जात कसा बुडतो, हे दहावी नापास, मोटारी वाइंडिंग करणारा माणूस सांगत होता आणि सरपंच लिहून घेत होते. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझी छाती इतकी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटली असती. सोपान मागून ओरडला, “ह्याला कोलंबोला धाडा रं, तितं लय गरज हाय.” सगळे हसले, मीही हसलो. आणि कपातीची यादी वाचली. सहावं कलम होतं, साकवावरचा माणूस बंद, म्हणजे ओढ्याला पाणी चढलं की शिट्टी वाजवून पोरांना अडवणारे आबा.

तू सुट्टीला आला होतास. उठून म्हणालास, लंकेत काय नि इथं काय, टंचाई आली की कात्री वरून लागत नाही, खालूनच लागते. गावाच्या कमानीवरचे दिवे यादीत का नाहीत, असंही विचारलंस. कमान माझ्या भावकीनं बांधलेली, म्हणून नव्हते. तेव्हा हे कबूल केलं नाही, आता करतो. मी उलट विचारलं, अकरा वर्षांत साकवावर किती माणसं वाहून गेली, आकडा सांग. आकडा शून्य होता, तुलाही ठाऊक होता. मी म्हणालो, ज्या जागी काही घडतच नाही तिथं माणूस कशाला? टाळ्या पडल्या. आबा खांबाला टेकून बसले होते. तेसुद्धा हसले, मी त्यांच्याच मांडीवर बसून बाराखडी शिकलो म्हणून असेल.

प्रज्ञेश, मोटारीला ओव्हरलोड रिले असतो, भार वाढला की जळायच्या आत वीज तोडणारा. मोटार कधी जळली नाही, मग रिले काढून टाक, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवलेलं आहे. आणि भरल्या सभेत मी नेमकं तेच बोललो, तेही आकडा देऊन.

तीन जूनला आबा स्वतः दुकानी आले. रेल्वेच्या घोरावाडी गँगमध्ये उभी हयात काढलेला माणूस, सरकारी वस्तू घरात ठेवणार नाही. पंचायतीच्या वतीनं मी पावती केली. दोर एक, चाळीस फुटी. रेनकोट एक, डाव्या बाहीला फाटका. शिट्टी एक, पितळी. त्यांनी सावकाश सही केली आणि म्हणाले, “बजा, पोरं पानी बघत न्हाईत रं. कान देत्यात. लांब शिट्टी झाली की थांबायचं, न्हाई झाली की चालायचं, येवढंच शिकल्यात ती. आता शिट्टीच न्हाई म्हणल्यावर त्यास्नी वाट सदाचीच मोकळी. डोळं वापरा म्हनावं. साळंत फळ्यावर लिव.” मी म्हणालो, लिहितो आबा.

लिहिलं नाही. गावात पाणी कधी सुटणार, रेशन कधी येणार, कुणाची म्हैस हरवली, सगळ्या सूचना माझ्या अक्षरात लागतात. ही एकच लागली नाही. ती लिहिली असती तर साकवावर धोका आहे, हे माझ्याच हातानं फळ्यावर उमटलं असतं. सहाव्या कलमाला ते सोसलं नसतं.

पाच ऑगस्टचं तुला माहीत आहे ते एवढंच, की संध्याकाळी आबा ओढ्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी खाली खडकाच्या खोबणीत सापडले. पंचनाम्याचा कागद हवालदारांनी माझ्यापुढं सरकवला, अक्षर चांगलं म्हणून. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, म्हातारं खेकडं धराया गेलं असंल. मी लिहिलं, ‘मयत हे खेकडे पकडण्यासाठी ओढ्यात उतरले असता पाय घसरून’. खाली पंच म्हणून सही केली. इगतपुरीचं विपश्यनेचं शिबिर करून आल्यापासून आबांनी मासळीला हात लावला नव्हता, हे मला ठाऊक होतं. ओळ अगदी सरळ आलीय. परवा नक्कल काढून पुन्हा पाहिली.

त्या ओळीमुळं गावाला आबांवर हसायला मिळालं. कुणी पावसात बाहेर निघालं की आबांचं नाव घेऊन म्हणतात, जपून जा, सीताराम करशील. तुझी आई, आमच्या चिमामावशी, गेल्या महिन्यात मिक्सर घेऊन दुकानात आल्या तेव्हा बाकावरच्या दोघांनी हाच विनोद केला. मावशींनी ऐकलं. मला म्हणाल्या, “समीक्षाची परीक्षा कशी गेली रं?” मिक्सर दोन मिनिटांचं काम होतं, मला पाऊण तास लागला.

शिट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. मोटार तपासायला चालू केली की तिच्या घुंईत मला ती ऐकू येते, लांब, एकच. मी स्विच बंद करतो. आवाज थांबत नाही. मला वाटायचं हे माझ्या एकट्याचंच आहे. पण समीक्षा आता सोळाची झाली, नि घरातून निघताना अजून उंबऱ्यावर थबकते. कामशेतच्या बाजारात रिकाम्या रस्त्याच्या कडेला उभी राहते. वाहन नाही, काही नाही, तरी पाय उचलत नाही. मी विचारलं तर म्हणते, वाजत होती ना. त्या ऑगस्टपासून तिनं सायकलला हात लावलेला नाही. सायकल विकली, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. विकलेली नाही.

सायकल आबांबरोबरच सापडली. पुढचं चाक मुडपलेलं होतं. लोक यायच्या आत मी ती उचलून करंजाच्या जाळीत टाकली. आता तुझं उत्तर. खेकडं कुणासाठीच नव्हती, प्रज्ञेश. पगार बंद झाल्यावरही आबा रोज शाळा सुटायच्या वेळी डोक्यावर पोतं घेऊन साकवाच्या अलीकडं उभे राहत होते. त्या दिवशी पाणी साकवावरून चाललं होतं. माझी पोरगी सायकलवरून आली, शिट्टी झाली नाही म्हणून थांबली नाही. आबा ओरडले, ते पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. ते आत शिरले, तिला ओढून खांबाला मिठी मारायला लावली, आणि त्यांना स्वतःला धरायला काही उरलं नाही. तिनं हे मला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिला गप्प बसवलं ते मी. दुसऱ्या दिवशी पंचनामा लिहिला तो हे सगळं माहीत असताना. काल सकाळी वडगावच्या पोलीस ठाण्यात जाऊन मी नवा जबाब दिला, शेजारी समीक्षा बसली होती, तिनंही दिला. पुढं माझं काय करायचं ते ते लोक ठरवतील. आज दुपारी चिमामावशींच्या पायरीवर जाऊन हेच सगळं सांगायचं आहे, आणि १ मेच्या ग्रामसभेत त्याच व्हरांड्यात उभं राहून वाचायचं आहे. गावाच्या आधी तुला कळावं म्हणून हे पत्र. तू ये म्हणायचा मला अधिकार नाही. पण आलास तर शिट्टी तुझ्या हातात द्यायची आहे, आणि फळ्यावरची ती सूचना मी तुझ्यासमोर लिहीन.

तुझाच, तू अजून म्हणू देणार असशील तर,
बजा