माझ्या मापाचं पान

प्रिय चिमणे,

रक्तपेढीच्या मागच्या दारात तू खुपसलेली चिठ्ठी मिळाली. अक्षर म्हणजे अजून कोंबडीचे पाय! येत्या रविवारी तू सतरा वर्षं दोन महिन्यांची होशील, मी मेले तेव्हा होते तेवढीच. त्या संध्याकाळी तू मला घरात बोलावणार, मी तुला माझ्यासारखं करायचं आणि मग आपण कायमच्या जुळ्या. मावशीला काय थाप मारायची तेही ठरवून बसली आहेस. धन्य आहेस बाई!

यात देखणं काही नाही गं. पुस्तकांतले व्हॅम्पायर मखमली कोट घालतात. मी हिरवा एप्रन घालून तळघरात रक्ताच्या पिशव्यांवर लेबलं चिकटवते. मुदत संपलेली पिशवी फेकायच्या यादीत लिहिते आणि गुपचूप पिते, थंडगार, नाक दाबून. दर दोन वर्षांनी नोकरी बदलावी लागते, कारण हिचं वय का वाढत नाही असं लोक विचारायला लागतात.

आईची मापांची वही आठवते? पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून आपल्या दोघींची. तुझ्या पानावर नुसती खाडाखोड, कारण दर सहा महिन्यांनी तुझ्या बाह्या आखूड व्हायच्या. माझ्या पानावर मी गेल्यापासून एकही आकडा बदलला नाही. तरी दरवर्षी ती माझं माप घ्यायचीच. टेप गुंडाळताना माझ्याकडे बघायची नाही.

आमच्यासारख्यांना घरच्या माणसाने ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी गेल्यावर आठवड्याने दिवेलागणीला दारात उभी राहिले, तेव्हा आई मशीनवर होती. दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा, त्यामुळे मान वर न करता ये गं, बस म्हणायची तिला सवय. तशीच म्हणाली. मग वर पाहिलं. पण तिने मला हाकललं नाही.

पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही. त्यानंतर तिच्या बोटाला कायम चिंधी असायची, सुई लागली म्हणायची. अगं, तीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईच्या बोटात दर आठवड्याला सुई जाते का? मी नको म्हणायचे. खोटं कशाला लिहू, पहिले काही महिनेच म्हणायचे. नंतर तिचं बोट पुढे येण्याची वाट बघायला लागले. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तू तिला रोज न चुकता द्यायचीस. गेल्या हिवाळ्यात ती कशाने गेली, ते आता तुला कळलं. माफ कर म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते.

ती गेली त्याच दिवशी माझा पाय उंबऱ्याशी अडला. तिचं बोलावणं तिच्याबरोबर संपलं. आता ते तुझ्या हातात आहे.

हे पत्र मी पोट भरलेलं असताना लिहितेय, मुद्दाम. रविवारी मी येईन, मी मला ओळखते. दार वाजवीन, लाडीगोडी लावीन, रडेन, हे पत्र खोटं आहे म्हणेन. तुझी आठवण आणि भूक दोन्ही एकदम दाटून आल्या की मला त्यांतला फरक कळत नाही. काही झालं तरी तू ये म्हणू नकोस. तेवढा एक रविवार पार पडू दे. सोमवारी सकाळी आईची टेप काढ, स्वतःचं माप घे आणि वहीत लिही. मग दरवर्षी लिही. कंबर सुटेल, खांदे उतरतील, सगळं लिही. मला जुळी बहीण नको गं. आई गेल्यापासून माझ्यावर डोळे वटारणारं कोणी उरलं नाही. सोमवारी तू माझ्याहून एक दिवसाने मोठी होशील, आणि मला ताई हवी आहे.

तुझीच,
सोमवारपासून धाकटी